वाचण्याची गोष्ट

रानात एकट्या पडलेल्या माणसाच्या थरारकथेत सर्वांत झपाट्याने वाचली जाणारी पाने बहुधा पळापळीची नसतात. ती काडी पेटवण्याची, ओले मोजे काढण्याची, हत्याराला धार लावण्याची किंवा एखाद्या कपारीत अंग चोरून पडून राहण्याची असतात. वेगवान कादंबरी म्हटली की पाठलाग, गोळीबार आणि प्रकरणाच्या शेवटी मुद्दाम अर्धवट सोडलेला प्रसंग यांचीच आठवण होते, त्यामुळे हे विधान प्रथमदर्शनी उफराटे वाटण्याचा संभव आहे. परंतु या प्रकारातील ज्या कथा पन्नास किंवा शंभर वर्षे टिकल्या, त्या लक्षपूर्वक पाहिल्या तर असे आढळते की लेखकाने जिथे आपली चाल सर्वांत मंद केली, नेमका तिथेच वाचकाचा हात पान उलटण्यासाठी सर्वांत उतावीळ झालेला असतो.

या प्रकाराचे स्वरूप समजण्यासाठी रहस्यकथा आणि थरारकथा यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. बाबुराव अर्णाळकर यांच्या हजारांहून अधिक पुस्तकांमुळे मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेली रहस्यकथा सामान्यतः मागे पाहते: गुन्हा घडून गेलेला असतो आणि तो कोणी व कसा केला याचा उलगडा व्हायचा असतो. थरारकथा पुढे पाहते. शत्रू कोण हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते आणि आता काय होणार एवढाच प्रश्न उरतो. थरारकथेची ही जात जेव्हा अरण्यात, बर्फात किंवा ओसाड बेटावर नेली जाते, तेव्हा तिला इंग्रजीवरून ‘सर्व्हायव्हल थ्रिलर’, म्हणजे तगून राहण्याची थरारकथा, असे म्हणतात. मराठीत ‘वाचणे’ या एकाच क्रियापदाने पुस्तक वाचणे आणि संकटातून वाचणे हे दोन्ही अर्थ सांगता येतात, आणि या साहित्यप्रकाराच्या बाबतीत ते दोन अर्थ एकमेकांच्या फार जवळ येतात, कारण इथे वाचणारा वाचणाऱ्याच्या हातांकडे पाहत असतो.

अशा कथेत एकाच वेळी अनेक घड्याळे चालू असतात. रानात वावरणाऱ्यांना शिकवला जाणारा एक ढोबळ ठोकताळा असा की माणूस हवेविना सुमारे ३ मिनिटे, कडाक्याच्या हवामानात आसऱ्याविना ३ तास, पाण्याविना ३ दिवस आणि अन्नाविना ३ आठवडे तग धरू शकतो. हे आकडे तंतोतंत नाहीत, पण त्यांतील क्रम महत्त्वाचा आहे, कारण शहरी माणसाला रानात पहिली चिंता पोटाची वाटते, तर प्रत्यक्षात भूक हे या सर्वांतले सर्वांत संथ घड्याळ असते. कोणते घड्याळ आधी संपणार हे पात्राला कळलेले नसते आणि वाचकाला कळलेले असते, अशी स्थिती लेखकाने निर्माण केली की वाचकाचा जीव आपोआप टांगणीला लागतो. त्यासाठी झाडामागून कोणी बंदूकधारी यावाच लागतो असे नाही.

जॅक लंडन यांची ‘टू बिल्ड अ फायर’ ही कथा याचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. लंडन १८९७ मध्ये सोन्याच्या शोधात कॅनडातील क्लोंडाइक प्रदेशात गेले होते; सोने हाती लागले नाही, स्कर्व्हीने, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, ते जर्जर झाले आणि पुढच्याच वर्षी परतले, पण त्या हिवाळ्याने त्यांना आयुष्यभर पुरेल एवढी शिदोरी दिली. ही कथा त्यांनी दोनदा लिहिली. १९०२ मध्ये मुलांच्या एका नियतकालिकासाठी लिहिलेल्या पहिल्या रूपात नायकाला नाव आहे, त्याची चूक त्याला भोवते, पण अखेरीस आग पेटते आणि तो धडा शिकून जगतो. १९०८ मधील दुसऱ्या रूपात त्याचे नाव काढून घेतलेले आहे, त्याच्यासोबत एक कुत्रा दिलेला आहे, आणि आग पेटून विझते. तीच घटना, तीच थंडी, पण पहिली कथा आज केवळ अभ्यासकांच्या आठवणीत आहे आणि दुसरी जगभर वाचली जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तापमान शून्याखाली ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ५९ अंश सेल्सिअस आहे. थुंकी जमिनीवर पडण्याआधी हवेतच तडतडते. दुपारच्या जेवणाची पोळी गोठू नये म्हणून त्या माणसाने ती सदऱ्याच्या आत, अंगाला लावून ठेवली आहे. एवढ्या थंडीत एकट्याने प्रवास करू नये असे एका जुन्या जाणत्याने त्याला बजावलेले असते, आणि त्या सल्ल्याला तो मनातल्या मनात हसलेला असतो. पुढे बर्फाच्या कवचाखाली दडलेल्या पाण्यात त्याचे पाय पोटऱ्यांपर्यंत भिजतात, आणि आता पादत्राणे वाळवण्यासाठी आग पेटवणे हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. तो घाबरत नाही, घाई करत नाही, अगदी शहाण्यासारखा वागतो: आधी बारीक काटक्या, मग थोड्या जाड, मग लाकडे. आग पेटते. ती त्याने एका सूचिपर्णी वृक्षाखाली पेटवलेली आहे, कारण तिथल्या काटक्या ओढून सरळ आगीवर टाकणे सोयीचे पडते. त्या वृक्षाच्या फांद्यांवर हिवाळाभराचे बर्फ साचलेले आहे आणि ओढलेली प्रत्येक काटकी झाडाला किंचित हलवते आहे. अखेर वरच्या एका फांदीवरचे बर्फ खाली येते, वाटेतल्या फांद्या रित्या करत वाढत जाते, आणि हाता-तोंडाशी आलेली आग क्षणात गडप होते.

या प्रसंगाची बांधणी किती प्रामाणिक आहे हे पाहण्यासारखे आहे. लेखकाने काहीही लपवलेले नसते. झाड, बर्फ आणि काटक्या ओढणे या तिन्ही गोष्टी वाचकाच्या डोळ्यांदेखत ठेवलेल्या असतात, पण आग पेटली या समाधानात वाचकही त्या माणसाइतकाच गाफील राहिलेला असतो. संकट बाहेरून आणून आदळले की वाचक दचकतो आणि विसरतो. तेच संकट पात्राच्या हातून, एकेका काटकीने, वाचकाच्या साक्षीने रचले गेले की ते वर्षानुवर्षे मनात राहते. यानंतरची पाने विलक्षण संथ आहेत. बोटे इतकी बधिर झालेली आहेत की काटकी हातात आली किंवा नाही हे पाहूनच समजते. काड्यांचा जुडगा बर्फात पडतो; तो दोन्ही तळहातांच्या मुळांमध्ये धरून तोंडापाशी आणला जातो; एक काडी दातांनी ओढली जाते आणि मांडीवर पुनःपुन्हा घासली जाते; ती पेटते तेव्हा तिचा धूर नाकात जाऊन ठसका लागतो आणि काडी खाली पडून विझते. मग तो सर्वच्या सर्व ७० काड्या एकदम पेटवतो, आपले मांस जळल्याचा वास त्याला येतो, तरी तो धरून राहतो. काही मिनिटांच्या या घटनेला लंडन यांनी जितकी जागा दिली आहे, तितकी त्यांनी तत्पूर्वीच्या काही तासांच्या चालीलाही क्वचितच दिली असेल.

या वर्णनामागे शरीरशास्त्राचा पक्का आधार आहे. माणसाच्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते आणि ते ३५ अंशांच्या खाली उतरले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. थंडी वाढू लागली की हृदय, मेंदू आणि इतर मर्मस्थाने उबदार राहावीत म्हणून शरीर हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि त्यामुळे प्रथम बोटांतील कौशल्य जाते. म्हणजे ज्या घडीला काडी पेटवण्यासाठी बोटांची सर्वाधिक गरज असते, त्याच घडीला शरीर बोटांचा बळी देऊन काळीज राखत असते. भिजलेल्या माणसाचे हे घड्याळ आणखी जलद चालते, कारण पाणी हवेच्या मानाने उष्णता कितीतरी पट वेगाने ओढून घेते. पुढे थरथरणे थांबते, विचार अडखळू लागतो, आणि माणसाला आपण चुकत आहोत हेच उमगेनासे होते. थरारकथा लिहिणाऱ्याला याहून निष्ठुर खलनायक कल्पनेनेही निर्माण करता आला नसता, आणि तो खलनायक मुळी शत्रू नसतोच. थंडीला त्या माणसाशी काही देणेघेणे नसते.

वाचकावर याचा परिणाम एवढा थेट का होतो, याचे उत्तर काही अंशी मेंदूच्या अभ्यासातून मिळते. केंब्रिज येथील संशोधकांनी २००४ मध्ये मेंदूच्या चित्रणाच्या साहाय्याने असे दाखवले की चाटणे, उचलणे आणि लाथ मारणे या अर्थांची इंग्रजी क्रियापदे नुसती वाचतानाही अनुक्रमे जीभ, हात आणि पाय यांच्या हालचालींशी संबंधित असलेले मेंदूचे भाग काही प्रमाणात जागे होतात. या निष्कर्षाचा नेमका अर्थ कसा लावायचा यावर पुढे बरेच वाद झाले, त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. तरी बोटांनी करायच्या कामाचे बारकाईने केलेले वर्णन वाचकाच्या बोटांपर्यंत पोहोचते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. ‘तो भयंकर घाबरला’ हे वाक्य डोळ्यांखालून निघून जाते, पण दातांत धरलेली काडी वाचकाच्या दातांत येते.

गॅरी पॉलसेन यांची १९८७ मधील ‘हॅचेट’ ही किशोरांसाठीची कादंबरी या बाबतीत लंडन यांच्या कथेशेजारी ठेवून वाचावी. छोट्या विमानाच्या वैमानिकाला हृदयविकाराचा झटका आल्यामुळे कॅनडाच्या निर्जन अरण्यातील तळ्यात विमान कोसळते आणि १३ वर्षांचा ब्रायन एका लहान कुऱ्हाडीनिशी ५४ दिवस तिथे काढतो. लंडन यांच्या माणसाजवळ ७० काड्या होत्या. ब्रायनजवळ एकही नाही. गुहेत शिरलेल्या साळिंदरावर त्याने भीतीने भिरकावलेली कुऱ्हाड दगडी भिंतीवर आदळून ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्यांचा अर्थ त्याला दुसऱ्या दिवशी उमगतो. मग वाळके गवत, खिशातील नोटेचे तुकडे, असे एकेक करून पाहत तो बर्च झाडाच्या सालीच्या केसांसारख्या बारीक धाग्यांपर्यंत येतो, आणि तरीही आग धरत नाही, कारण ठिणगी आणि साल यांखेरीज फुंकरीची, म्हणजे हवेची, गरज त्याच्या ध्यानात आलेली नसते. पॉलसेन यांची वाक्ये आखूड, तुटक आणि एकच शब्द पुनःपुन्हा घोळवणारी आहेत, भेदरलेल्या मुलाच्या विचारांसारखी. लंडन यांची वाक्ये थंड आणि सरळ आहेत. पण दोघांनीही आगीला कथेतील सर्वांत मोठे पात्र केले आहे, आणि दोघांनाही बर्फातील प्रवास अंगावर घेतल्याचा अनुभव होता. पॉलसेन यांनी १९८३ मध्ये अलास्कातील इडिटारॉड या कुत्र्यांच्या घसरगाडीच्या दीर्घ शर्यतीत भाग घेतला होता.

भारतीय वाचकाला मंद गतीतील थराराचा परिचय जिम कॉर्बेट यांनी करून दिला. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक सत्य अनुभवांचे आहे, कादंबरी नव्हे, आणि त्याच्या मराठी अनुवादांवर अनेक पिढ्या वाढल्या. त्यातील चौगढच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीत कॉर्बेट ओढ्याच्या पात्रातून जात असताना त्यांच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी आहेत, कारण पक्ष्यांची अंडी जमवण्याची त्यांना आवड होती. एका खडकाला वळसा घालून पुढे होताच अवघ्या काही फुटांवर वाघीण त्यांच्याकडे रोखून पाहत बसलेली आहे. बंदूक उजव्या हातात आहे आणि तिची नळी वाघिणीच्या दिशेने नाही. एका हाताने, तिच्या नजरेला हालचाल जाणवू नये इतक्या सावकाश, ती बंदूक फिरवत आणायची आहे. त्या दोन अंड्यांमुळेच आपला हात दचकून झटकन हलला नाही, असे कॉर्बेट यांना नंतर वाटले. काही सेकंदांच्या त्या फिरवण्याला जितका वेळ वाचताना लागतो, तितका वेळ श्वास आपसूक रोखला जातो, आणि इथेही लंडन यांच्या कथेतल्याप्रमाणे सारे काही हाताच्या हालचालीवर येऊन ठेपले आहे.

निसर्गाच्या घड्याळाला माणसाच्या पाठलागाचे घड्याळ जोडले की या प्रकाराचे दुसरे रूप तयार होते. रिचर्ड कॉनेल यांची १९२४ मधील ‘द मोस्ट डेंजरस गेम’ ही कथा त्याचे मूळ मानावी लागेल: बोटीवरून पडून एका बेटावर पोहोचलेल्या शिकाऱ्याचीच शिकार करायला तिथला एक उमराव निघतो, आणि ३ दिवस तगला तर सुटका असा करार ठरतो. ही कल्पना नंतर असंख्य चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी इतकी पिळून घेतली की मूळ कथा आज काहीशी नाटकी वाटते, आणि त्यातील जंगलही खरे म्हणजे रंगभूमीवरील पडद्यासारखे आहे.

याउलट जेफ्री हाउसहोल्ड यांची १९३९ मधील ‘रोग मेल’ ही कादंबरी आजही अंगावर येते, आणि तिच्यात घनदाट अरण्य जवळपास नाहीच. एक निनावी इंग्रज शिकारी युरोपातील एका हुकूमशहाच्या मागावर जातो, दुर्बिणीच्या बंदुकीने त्याच्यावर नेम धरलेला असतानाच पकडला जातो, त्याचा छळ होतो, आणि अपघाताचा देखावा करण्यासाठी त्याला कड्यावर लोंबकळत सोडून दिले जाते. तो मरत नाही. कसाबसा इंग्लंडला परतल्यावर त्याला कळते की मायदेशीही पाठलाग सुटलेला नाही, आणि मग तो डॉर्सेट परगण्यातील दोन शेतांमधल्या एका खोल वाटेत बीळ खणून राहतो. डॉर्सेटमधील या वाटा मऊ वालुकाश्मात शतकानुशतकांच्या पायांनी, गाड्यांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने झिजून पुरुषभर किंवा त्याहून खोल गेलेल्या आहेत आणि दोन्ही काठांवरील कुंपणे वाढून वर झाकली गेली आहेत. महाराष्ट्रातील ज्या वाचकाने दोन्ही बाजूंनी काटेरी वई असलेली जुनी, खचलेली पाणंद पाहिली असेल, त्याला ही जागा समजावून सांगावी लागत नाही. माणसांच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर असूनही कुणाचे पाऊल न पडणारी ती वाट हाउसहोल्ड यांनी अरण्याइतकी रानटी केली, आणि हे त्यांचे खरे कसब आहे.

त्या बिळात माती ओली असते, हवेसाठी एक भोक ठेवलेले असते आणि सोबतीला एक रानमांजर येऊन राहते. कथा निवेदकाने वहीत टप्प्याटप्प्याने लिहिलेली आहे, त्यामुळे निवेदक जिवंत राहणार हे प्रथमपुरुषी कथेतील नेहमीचे आश्वासन इथे पुरते मिळत नाही. वही उघडी आहे आणि पुढच्या क्षणी काय होणार हे लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. माग काढत आलेला माणूस, मेजर क्वाइव्ह-स्मिथ, बिळाचे तोंड बुजवतो, मांजराला मारतो आणि हवेच्या भोकातून शांतपणे, सुसंस्कृत आवाजात बोलणी सुरू करतो: हे कृत्य ब्रिटिश सरकारच्या संमतीने झाले अशा कागदावर सही केली की सुटका होईल. इथे पळणे पूर्ण थांबलेले आहे. नायकाला उठून बसण्याइतकीही जागा नाही. आणि कादंबरी याच ठिकाणी सर्वांत वेगाने वाचली जाते, कारण आता जी झुंज चालू आहे ती नायकाने स्वतःशी बोललेल्या खोट्याशी आहे. आपण केवळ शिकाऱ्याच्या कुतूहलाने नेम धरला होता असे तो आरंभापासून सांगत आलेला असतो. त्या अंधारात त्याला कबूल करावे लागते की त्याच्या प्रेयसीला त्या राजवटीने ठार केले होते आणि तो गोळी झाडणारच होता. मेलेल्या मांजराच्या कातड्याचे पट्टे करून तो मोठ्या गलोलीसारखे एक यंत्र बांधतो आणि लोखंडी सळईचा बाण करून हवेच्या त्याच भोकातून नेम धरतो. हातकाम, पुन्हा हातकाम. पण या वेळी त्या कामामागे शोक आहे, आणि तो वाचकाला आधीच्या दीडशेएक पानांत कुणी सांगितलेला नव्हता.

अमेरिकी कवी जेम्स डिकी यांची १९७० मधील ‘डिलिव्हरन्स’ ही कादंबरी या प्रकारात भाषेच्या दृष्टीने कदाचित सर्वश्रेष्ठ ठरेल. धरणाखाली बुडणार असलेल्या जॉर्जियातील एका नदीवर ४ शहरी मित्र होडीतून सहलीला जातात, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर हल्ला होतो, आणि सहल खुनांत बदलते. मधल्या ३ भागांना फक्त सप्टेंबरच्या ३ तारखांची नावे आहेत. निवेदक एड रात्री घळीचा उभा कडा चढतो तो भाग कवीने लिहिलेला आहे हे वाक्यावाक्याला जाणवते. दगडातील प्रत्येक भेग बोटांनी शोधली जाते आणि खाली नदी चकाकत असते. पण याच कादंबरीत या संपूर्ण प्रकाराचा एक मोठा दोषही उघडा पडतो. ॲपलाचियन डोंगरांत राहणारी माणसे इथे बहुतेक कुरूप, मुकी किंवा हिंस्र आहेत, आणि १९७२ मधील चित्रपटाने ते चित्र जगभर पोहोचवले, याचे शल्य त्या भागातील लोकांना दीर्घकाळ राहिले. शहरातून आलेल्याला जे रान म्हणून दिसते ते कुणाचे तरी घर असते, कुणाची तरी चराई असते, ही साधी गोष्ट थरारकथा फार सहज विसरते. लंडन यांच्या कथेत निदान जुना जाणता आहे, कुत्रा आहे, आणि त्या दोघांना जे कळते ते नायकाला कळत नाही. म्हणून ती कथा अधिक न्यायी आहे.

अशा पुस्तकाचे पहिले वाचन घाईत व्हावे हे योग्यच आहे, त्यासाठीच ते लिहिलेले असते, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही दिवा न मालवणाऱ्या वाचकाने त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु शेवट कळल्यानंतरचे दुसरे वाचन हे त्याहून मोठे सुख असू शकते, कारण तेव्हा डोळा पळत नाही आणि पहिल्या खेपेस निसटलेली जमीन दिसू लागते: वारा कोणत्या दिशेचा होता, पाणी कुठे होते, सामानाच्या यादीतील कोणती वस्तू ३ प्रकरणांनंतर उपयोगी पडली. ज्या कादंबरीत दुसऱ्या वाचनाला हाती काहीच लागत नाही, जिथे जंगल काढून तिथे गोदाम ठेवले तरी कथेचे काही बिघडत नाही, ती कादंबरी या प्रकारातील म्हणता येणार नाही, तिच्या मुखपृष्ठावर कितीही बर्फ असले तरी.

मराठीत स्वतंत्र कादंबरी म्हणून हा प्रकार फारसा रुजला नाही, पण त्याची गोडी मात्र अनुवादांतून खोलवर लागली, आणि त्यात रवींद्र गुर्जर यांचा वाटा मोठा आहे. आंरी शारिएर यांच्या ‘पॅपिलॉन’बरोबरच त्यांनी पिअर्स पॉल रीड यांच्या १९७४ मधील ‘अलाइव्ह’चा ‘सत्तर दिवस’ या नावाने केलेला अनुवाद घरोघरी आणि ग्रंथालयांत हातोहात फिरला. हे पुस्तक सत्यकथेचे असूनही ते थरारकथेच्या ओढीने वाचले गेले. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेचे विमान ४५ जणांसह अँडीज पर्वतात साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर कोसळले आणि त्यांपैकी १६ जण ७२ दिवसांनंतर परतले. मृतांच्या देहांवर त्यांना जगावे लागले एवढीच गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहते, पण पुस्तकाचा प्राण दुसऱ्या गोष्टींत आहे: आसनांच्या पाठीचे ॲल्युमिनियमचे पत्रे उन्हात धरून त्यावर बर्फ वितळवणे, विमानाच्या उष्णतारोधक आवरणाचे तुकडे शिवून झोपण्याची मोठी पिशवी तयार करणे. ती पिशवी तयार झाली म्हणूनच नांदो पारादो आणि रोबेर्तो कानेसा पायी निघू शकले, कारण तिच्याशिवाय उघड्यावर एक रात्रही काढणे अशक्य होते.

दोघे सुमारे १० दिवस चालले. अखेर चिलीच्या बाजूला, फुगलेल्या नदीच्या पलीकडच्या काठावर, त्यांना घोड्यावरची माणसे दिसली. त्यांतील एक, सेर्जियो कातालान, गुरे राखणारा डोंगरी माणूस होता, आणि तो पर्वत त्याच्यासाठी रोजच्या कामाची जागा होती. पाण्याच्या गर्जनेत ओरडलेले काही ऐकू येत नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कागद आणि लिहिण्याचे साधन दगडाला बांधून नदीपलीकडे फेकण्यात आले. पारादो यांनी आपण कोण, कुठून आलो आणि वर अजून किती जण आहेत ते त्यावर लिहिले आणि दगड परत भिरकावला. कातालान यांनी तो कागद वाचला, समजले अशी खूण केली, जवळचा पाव पाण्यावरून त्यांच्याकडे फेकला आणि घोड्यावर बसून पोलिसांची चौकी गाठण्यासाठी ते १० तासांच्या वाटेला लागले.